गाण्यातली खोटी ओळ

अलॉन्झो ब्रूसार्ड तुरुंगातून सुटून आला त्याला पंधरा दिवस झाले होते. पाच वर्षांत कॉम्प्टन डोळ्यांना फारसं बदललेलं दिसत नव्हतं, कानांना मात्र ते ओळखू येत नव्हतं. तो आत गेला तेव्हा गाड्यांमधून प्रेमाची गाणी ऐकू यायची. आता, १९८९च्या वसंतात, सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या डिकीतून असा काही दणका यायचा की शेजारच्या दुकानाची काच थरथरायची. आणि त्या दणक्यावर कुणीतरी आपल्याच गल्लीतली भांडणं, आपल्याला अडवणारे पोलीस, आपली मेलेली माणसं नावानिशी सांगत असायचं. रेडिओवाले या गाण्यांना हात लावत नसत. ती एका कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत अशी फिरत.

त्या शनिवारी त्याची धाकटी बहीण नेड्रा त्याला पॅंट घ्यायला बाजारात घेऊन गेली. आत राहून त्याचे दंड आणि मांड्या इतक्या भरल्या होत्या की जुनं काही अंगात जात नव्हतं. हा बाजार एका बंद पडलेल्या मोठ्या दुकानाच्या इमारतीत भरायचा. मोजे, बूट, सोन्याच्या साखळ्या, पोपट, सगळं एकाच छताखाली. कोपऱ्यात मिसेस यून नावाच्या कोरियन बाईंचा कॅसेटचा गाळा होता. नेड्रा भाव करत होती आणि अलॉन्झो नुसता उभा होता, तेवढ्यात त्या गाळ्यावरच्या स्पीकरमधून एक जाड, खोल आवाज आला.

मंगळवारची दुपार, चौकात फुटला होता नळ,
चिमुरडी भिजत होती, मागून येत होतं वादळ.

अलॉन्झोच्या हातातली पॅंट खाली पडली. ते शब्द त्याचे होते. तुरुंगातल्या वरच्या खाटेवर पडून, पिवळ्या कागदावर, पेन्सिलीने त्याने ते लिहिले होते. पुढची ओळ, त्याच्या दोस्ताची, पिकची, त्याला पाठ होती. पिक पडला बाजूला, रक्त सीटवर ओलं. आणि त्याच्या पुढची, जी लिहायला त्याला दोन महिने लागले होते: मी पायापाशी दडलो, सगळं शौर्य वाहून गेलं.

स्पीकरमधला आवाज म्हणाला:

पिक पडला बाजूला, रक्त सीटवर ओलं,
मी पिस्तूल उचललं, मग कुणीच नाही बोललं.

गाळ्याभोवतीची पोरं माना हलवत होती. एकाने हाताचं पिस्तूल करून हवेत दोन गोळ्या झाडल्या.

अलॉन्झोने कॅसेट विकत घेतली. वर काळा चष्मा घातलेल्या एका पोराचा फोटो, खाली नाव, डेडबोल्ट. नेड्राने ती त्याच्या हातात पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"गाडीत बस," ती म्हणाली. "सांगते."

गाडीत बसल्यावर तिने चावी फिरवलीच नाही.

"पत्रात तू लिहिलं होतंस, वाचून झालं की जाळून टाक."

"मग का नाही जाळलंस?"

"शेगडी पेटवली होती मी. नाही जमलं." ती स्टिअरिंगवर नखं वाजवत राहिली. "माझ्या पार्लरमध्ये एक पोरगा येतो, प्रेस्टन व्हिटलो. केसांना तेल घालून कुरळे करून घ्यायला. डोक्याला प्लास्टिकची टोपी लावून पाऊण तास बसून असतो. त्याच वेळी तुझं पत्र आलं. मी वाचलं आणि तिथेच रडायला लागले. तो म्हणाला, मोठ्याने वाचता का. मी वाचलं. सगळं पार्लर गप्प झालं, झो. हेअर ड्रायर बंद केले बायांनी."

"आणि तू ते त्याला देऊन टाकलंस."

"मला वाटलं, तू आत आहेस, निदान तुझे शब्द तरी बाहेर फिरू देत." ती त्याच्याकडे वळली. "पण ती ओळ त्याने बदलली. कॅसेट आली तेव्हाच मला कळलं. आईशप्पथ."

अलॉन्झोने कॅसेट उलटून मागचा पत्ता वाचला. शब्द चोरीला गेल्याचा राग त्याला तितकासा आला नव्हता. त्या मंगळवारी, पाच वर्षांपूर्वी, तो आणि लेस्टर पिकन्स, ज्याला सगळे पिक म्हणायचे, पाच मिनिटांसाठी दुकानात निघाले होते. अलॉन्झो गाडी चालवत होता. शेजारून दुसरी गाडी आली, गोळ्या सुटल्या, आणि अलॉन्झो ब्रेकच्या पेडलपाशी मुटकुळं करून पडून राहिला. सीटखाली अलॉन्झोचं स्वतःचं, चोरीचं पिस्तूल होतं. त्याला त्याने हातही लावला नाही. पोलिसांना ते तसंच सापडलं आणि त्यापायी तो आत गेला. आता गाणं सांगत होतं की त्याने माणसं पाडली. गाण्यात त्याचं नाव नव्हतं, पण पिकची गाडी त्या दिवशी कोण चालवत होतं हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

सोमवारी त्याची प्रचिती आली. तो ज्या टायरच्या दुकानात कामाला लागला होता, तिथे जुना एक दोस्त आला, पाठीवर थाप मारून म्हणाला, "छुपा रुस्तम निघालास की, गड्या. बोललाही नाहीस कधी." आणि दुपारी एक निळी गाडी दुकानासमोरून सावकाश गेली. मग परत. तिसऱ्यांदा गेली तेव्हा चालवणाऱ्याने काच खाली करून अलॉन्झोकडे नीट पाहून घेतलं. तो पलीकडच्या गल्लीतला होता, ज्यांनी पिकला मारलं त्यांच्यातला.

काम संपताच तो वेंडेल स्टोव्हॉलच्या गॅरेजकडे चालू लागला. कॅसेटच्या मागे तोच पत्ता छापला होता. मिस्टर वेंडेल पन्नाशी ओलांडलेले, एके काळी एका बॅंडमध्ये बेस गिटार वाजवायचे, आता टीव्ही दुरुस्त करायचे. गॅरेजच्या भिंतींना त्यांनी लोकांनी टाकून दिलेले गालिचे ठोकले होते. आत एक ताल वाजवणारं यंत्र, दोन तबकड्या फिरवायच्या पेट्या आणि चार ट्रॅकचा रेकॉर्डर. परिसरातल्या निम्म्या कॅसेटी तिथेच जन्माला येत.

प्रेस्टन माइकसमोर उभा होता. चष्म्याशिवाय तो विशीचाही वाटत नव्हता. कानामागून तेलाचा ओघळ कॉलरवर आला होता.

"डेडबोल्ट तूच?"

"हो. तुम्ही?" मग त्याने चेहरा ओळखला. नेड्राच्या आरशाला खोचलेला फोटो त्याने पाहिलेला असणार. "मिस्टर ब्रूसार्ड. सर, मी येणारच होतो तुम्हाला भेटायला."

न्यायाधीश सोडला तर आजवर अलॉन्झोला कुणी मिस्टर म्हटलं नव्हतं.

"ती ओळ का बदललीस?"

"लोकांना तसंच लागतं, सर. सीटखाली दडलेल्या माणसाची कॅसेट कोण घेईल?"

"तू कधी गोळीचा आवाज ऐकलायस? जवळून?"

प्रेस्टन माइकची वायर गुंडाळू लागला. त्यांच्या घरापुढे हिरवळ होती आणि दर शनिवारी ती कापली जायची, हे नेड्राने सांगितलेलंच होतं.

"आज दुकानासमोरून एक गाडी तीनदा गेली," अलॉन्झो म्हणाला. "तू गाण्यात माणसं झोपवलीस. ते आता मोजत बसलेत, आपल्यातलं कोण गेलं त्या दिवशी. आणि झोपवणारा म्हणून माझ्याकडे बघतायत. तुझ्याकडे नाही. तुझा फोटो छापलाय, तरी तुझ्याकडे नाही. का, माहितीये? तुझ्यावर कुणाचा विश्वासच नाही."

पोराच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो एका उलट्या खोक्यावर बसला. "मला हे सुचलंच नव्हतं," तो हळू म्हणाला. त्यात सोंग नव्हतं.

मिस्टर वेंडेलनी यंत्र बंद केलं. "ती एक ओळ बसवताना मी तीन आठवडे झगडत होतो," ते म्हणाले. "बाकी सगळीकडे या पोराचा आवाज बेससारखा लागतो. तिथे आला की वर चढतो. मला वाटायचं माइक बिघडलाय." त्यांनी प्रेस्टनकडे बघितलंसुद्धा नाही. "उरलेल्या कॅसेटी मी परत मागवतो. मूळ शब्दांनी नवं गाणं करू. पण एक सांग, अलॉन्झो. पिकच्या आईला हे सगळं माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी तिच्याकडे जा. मेलेल्या पोराचं नाव घ्यायचं तर त्याच्या आईला विचारायला हवं. मी पहिल्या वेळी विचारलं नाही. ती माझी चूक."

मिस ओडेसा पिकन्स ब्रूसार्डांच्या घरापासून चार घरं सोडून राहायच्या. अलॉन्झो परत आल्यापासून त्या त्याला लांबून मान हलवत, पण शब्द बोलत नसत. तोही रस्ता ओलांडून जायचा. रविवारी चर्च सुटल्यावर तो त्यांच्या दाराशी गेला. जाळीच्या दारातून त्यांनी त्याला बराच वेळ बघून घेतलं. डोक्यावर अजून जांभळी हॅट होती.

"आत ये. पाय पूस."

स्वयंपाकघरात त्यांनी त्याच्यापुढे थंड चहाचा ग्लास ठेवला आणि समोर बसल्या. अलॉन्झोने खिशातून पिवळा कागद काढला, मग परत ठेवला. डोळे टेबलावर लावून, ताल नाही, संगीत नाही, त्याने सगळं म्हणून दाखवलं. फुटलेला नळ. शेजारून आलेली गाडी. आपण कुठे पडलो होतो ते. आणि मग पिक जिवंत होता त्या चार मिनिटांबद्दल, ज्यांविषयी त्याने पोलिसांनाही काही सांगितलं नव्हतं.

पिक म्हणाला, झो, घरी ओव्हन राहिलाय चालू,
आईला सांग, म्हणता म्हणता शब्द लागले गळू.

मिस ओडेसांनी हॅट काढून मांडीवर ठेवली.

"मक्याचा ब्रेड होता," त्या म्हणाल्या. "मी कामावरून आले तर घरात धूर. ब्रेडचा कोळसा झालेला. मी या इथे उभी राहून त्याला शिव्या घालत होते. खिडक्या उघडत होते आणि शिव्या घालत होते. पोलीस दारात आले तेव्हा धूर तसाच होता." त्यांनी मांडीवरची हॅट फिरवली. "पाच वर्षं मला वाटतंय, त्या पोराला कशाची काळजीच नव्हती."

"होती, मॅम."

"हे तू मला पत्रातून कळवू शकला असतास."

"हो, मॅम."

"का नाही कळवलंस?"

"ते सांगायचं तर मी कुठे होतो तेही सांगावं लागलं असतं."

बाहेर कुणाची तरी गाडी दणदण करत गेली. मिस ओडेसांनी हात पुढे करून अलॉन्झोच्या मनगटावर ठेवला.

"तू खाली नसतास दडला, तर त्याच आठवड्यात अर्लीनलाही काळा ड्रेस शिवावा लागला असता. तुझ्या आईला काळा शोभत नाही." त्यांनी नाक पुसलं. "परत म्हण. आणि ओव्हनपाशी घाई करू नकोस."

त्याने परत म्हटलं. दोनदा. निघताना त्या दारापर्यंत आल्या.

"गाण्यात घाला. पण पिक नाही म्हणायचं नुसतं. त्याला नाव होतं. लेस्टर अर्ल पिकन्स."

गॅरेजमध्ये पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी काम चाललं. प्रेस्टन पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "हे तुम्ही म्हणायचं, सर. मी नाही." पण अलॉन्झोला ते जमेना. कागदावर त्याचे शब्द बरोबर पडत, माइकसमोर मात्र तो तालाच्या पुढे धावायचा, मग श्वास संपायचा, मग ओळ अर्ध्यात तुटायची. अकराव्या वेळी त्याने हेडफोन काढून फेकले.

"तुम्ही पळताय," प्रेस्टन म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जरब होती. "ढोलाच्या पुढे जायचं नाही. मागे टेकायचं. गाडीत सीट मागे पाडून, एक हात स्टिअरिंगवर ठेवून कसं बसतो? तसं. ताल येऊ द्या तुमच्याकडे." तो अलॉन्झोच्या शेजारी उभा राहिला आणि प्रत्येक दुसऱ्या ठोक्याला त्याच्या खांद्यावर बोटाने टकटक करू लागला. "इथे श्वास. इथे नाही. इथे."

तो पोरगा यात उस्ताद होता, हे अलॉन्झोला मान्य करावं लागलं. कुठला शब्द चावायचा, कुठला नुसता सोडून द्यायचा, कुठे एक ठोका रिकामा ठेवला की ऐकणारा थबकतो, सगळं त्याला कळत होतं. त्याने जगणं पाहिलं नव्हतं, पण ऐकलं खूप होतं. चौदाव्या वर्षापासून तो घरच्या वाढदिवसांना, लोकांच्या अंगणात, जिथे कुठे कुणी दोन तबकड्या फिरवील तिथे जाऊन कोपऱ्यात उभा राहायचा आणि घरी येऊन आरशासमोर तेच म्हणायचा.

मिस्टर वेंडेलनी तालाखाली आपल्याच जुन्या बॅंडची एक तबकडी घातली, चौऱ्याहत्तर सालची, जी तेव्हा कुणी विकत घेतली नव्हती. तिच्यातला बेसचा चार सेकंदांचा तुकडा ते पुन्हापुन्हा फिरवत राहिले. "पंधरा वर्षांनी कामाला आला लेकाचा," एवढंच म्हणाले.

शेवटच्या दिवशी ओव्हनच्या ओळीला अलॉन्झोचा आवाज फाटला. त्याने परत घेऊ म्हटलं. मिस्टर वेंडेलनी मान हलवली. "नाही. हाच ठेवायचा." मग दुसऱ्या कडव्याला प्रेस्टन माइकपाशी आला. ते त्याने स्वतः लिहिलं होतं आणि कुणाला दाखवलं नव्हतं. त्याने त्यात सरळ सांगून टाकलं की ती ओळ मी बदलली, त्या चौकात मी नव्हतोच, दुसऱ्याच्या जखमेचा दागिना करून मी गळ्यात घातला. कडवं संपलं तेव्हा तो अलॉन्झोकडे बघायला धजेना.

"शेवट थोडा लांबलाय," अलॉन्झो म्हणाला. "बाकी चांगलं आहे." आणि दोघंही हसले.

मिसेस यूननी नवी कॅसेट गाळ्यावर वाजवली तेव्हा सगळीच पोरं खूश झाली नाहीत. सीटखाली दडण्याच्या ओळीला काही जण मोठ्याने हसले. एकजण म्हणाला, आधीचं भारी होतं. पण पुढचं ऐकताना हसणं बंद झालं, आणि संपल्यावर एका दाढीवाल्या माणसाने, चाळिशीच्या आसपासच्या, परत लावायला सांगितलं. मिसेस यूनना इंग्रजी यथातथा येत होतं. त्यांनी नेड्राला विचारलं, "ओव्हन, म्हणजे स्वयंपाकाचा?" नेड्राने हो म्हटलं. त्यांनी ती कॅसेट सगळ्यात पुढच्या रांगेत लावली.

दोन आठवड्यांनी मिस ओडेसा नेड्राच्या पार्लरमध्ये आल्या. "ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "त्या दुसऱ्या पोराच्या तोंडात शिव्या फार आहेत. त्याला सांग, जेवायला ये एकदा, मग बोलू आपण." आणि केस धुवायला खुर्चीत बसल्या.

निळी गाडी पुन्हा आली ती एका मंगळवारी. या वेळी ती दुकानासमोर थांबली. चालवणारा खाली उतरला. उंच, सडपातळ, अलॉन्झोच्याच वयाचा. अलॉन्झोने पाना खाली ठेवला आणि दोन्ही हात दिसतील असे बाजूला धरले.

"नवी कॅसेट ऐकली," तो माणूस म्हणाला.

"बरं."

"म्हणजे आमच्यातलं कुणी पडलं नव्हतं त्या दिवशी."

"नाही. मी पिस्तुलाला हातच लावला नाही."

त्या माणसाने रस्त्याकडे बघितलं. "ते सांगायला छाती लागते," तो म्हणाला, जणू स्वतःशीच. मग बुटाच्या टोकाने गाडीचं चाक दाखवलं. "या टायरमध्ये हवा कमी आहे."

अलॉन्झोने नळी ओढत आणली आणि गुडघ्यावर बसून हवा भरली. हवा भरून झाल्यावर तो माणूस मान हलवून गेला, आणि ती गाडी नंतर कधी दुकानासमोरून सावकाश गेली नाही.

जूनमध्ये एका स्केटिंगच्या हॉलमध्ये दुपारच्या कार्यक्रमात दोघांना वीस मिनिटं मिळाली. पहिल्या कडव्याच्या मध्यावर अलॉन्झो शब्द विसरला. प्रेस्टनने ओळ तिथूनच उचलली, दोन ठोके चालवली आणि परत त्याच्याकडे सोपवली, इतक्या सफाईने की लोकांना ते ठरवलेलंच वाटलं. पुढे उभ्या असलेल्या नेड्राला मात्र ते कळलं. ती पोट धरून हसली आणि मग डोळे पुसत राहिली. शेवटी हॉल असा दणाणला की भाड्याच्या स्केट्सचं कपाट हललं.

नंतर दोघं बाहेर पदपथाच्या कडेला बसून कागदी थाळीतले तळलेले मासे खात होते. ऊन उतरलं होतं. प्रेस्टनच्या कॉलरवर तेल आणि घाम एक झाले होते.

"पुढचं तू लिही," अलॉन्झो म्हणाला.

"माझ्याकडे काय आहे लिहायला? माझा बाप दातांच्या कवळ्या बनवतो."

"कुणाच्या?"

"कुणाच्याही. म्हाताऱ्यांच्या." प्रेस्टनने काटा काढून थाळीच्या कडेला ठेवला. "म्हणजे पूर्वी म्हाताऱ्यांच्याच असायच्या. आता पोरं पण येतात. माझ्याच वर्गातला एक आला होता. पोलिसांनी गाडीच्या बॉनेटवर तोंड आपटलं त्याचं, पुढचे चार गेले. बाबांनी माप घेतलं, काही विचारलं नाही. रात्री जेवताना मात्र एक घास खाल्ला नाही त्यांनी."

अलॉन्झोने चावायचं थांबवलं. "हे तू कुणाला सांगितलंयस?"

"नाही. यात सांगण्यासारखं काय आहे?"

अलॉन्झोने बोटं पॅंटला पुसली, थाळीचा कोरडा कोपरा फाडला आणि कानामागची पेन्सिल काढून त्याच्यापुढे धरली.

"त्या पोराचं नाव काय होतं," तो म्हणाला, "तिथून सुरुवात कर."